गंज, काटा आणि चेंबर : बीदर-कलबुर्गी सीमाभागातली व्यापारी संघटना नेमकी कुणाची?

चेंबर ऑफ कॉमर्स म्हटलं की आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं. मंत्र्यांच्या हातात निवेदन, मागे दहा-बारा जण, गळ्यात शाली, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो. कलबुर्गीचं हैदराबाद-कर्नाटक चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, म्हणजे आताचं कल्याण कर्नाटक चेंबर, आणि आपलं बीदरचं चेंबर या दोन्ही संस्था बहुतेकांना अशा फोटोपुरत्याच ठाऊक आहेत. मंडळाच्या बैठकीत व्यापाराचा विषय निघाला की कुणीतरी विचारतंच, "अहो, ही संस्था व्यापाऱ्यांची. तिचा आपल्या गावाशी काय संबंध?"

प्रश्न रास्त आहे, म्हणून या टिपणात त्याचाच माग काढतो. माझं उत्तर आधीच सांगून ठेवतो. आपल्या भागात व्यापाऱ्यांनी ज्या ज्या वेळी स्वतःच्याच सभासदांच्या खिशाला चाट लावणारा नियम पाळला, त्या त्या वेळी त्यांची संघटना गावाची झाली. पाळला नाही, तेव्हा ती नुसती वर्गणीदारांची राहिली.

मी स्वतः व्यापारी नाही. माझे आजोबा भालकीला एका आडत दुकानात मुनीम होते. त्यामुळे किर्द, खतावणी, पट्टी, बारदाना हे शब्द लहानपणापासून कानावर आहेत, एवढीच माझी पात्रता.

चेंबर म्हणजे नेमकं काय?

आधी एक घोळ दूर करू. गंजातली बाजार समिती, म्हणजे आपली एपीएमसी, ही कायद्याने जन्मलेली संस्था आहे. कर्नाटकात ती १९६६ च्या कायद्यावर चालते. तिला परवाना देता येतो, बाजार फी घेता येते, दंड करता येतो. आडत असोसिएशन, दाल मिल असोसिएशन, किराणा संघ या त्या त्या धंद्याच्या संघटना. चेंबर या दोन्हींहून वेगळं. त्यात आडत्या येतो, मिलवाला येतो, कापडवाला येतो, हॉटेलवाला येतो, कारखानदारही येतो. आणि चेंबरच्या हातात ना कर, ना दंड. सभासद व्हायची सक्ती कुणावर नाही. त्याचं सगळं बळ शब्दात: सरकारपुढे मागणी मांडायची, आणि दोन व्यापाऱ्यांचं फाटलं तर कोर्टाची पायरी चढायच्या आधी लवाद बसवून मिटवायचं.

या नावाची संस्था पहिल्यांदा फ्रान्समधल्या मार्सेय बंदरात १५९९ साली उभी राहिली. मुंबईत इंग्रज व्यापाऱ्यांनी १८३६ मध्ये चेंबर काढलं. विश्वेश्वरय्यांच्या पुढाकाराने म्हैसूर चेंबर १९१६ साली झालं, वालचंद हिराचंद यांनी महाराष्ट्र चेंबर १९२७ मध्ये उभं केलं, आणि पुण्याचं मराठा चेंबर १९३४ चं. आपण त्या काळात ना म्हैसूरचे, ना मुंबई इलाख्याचे. आपण निजामाच्या राज्यात. हैदराबाद शहरात १९१७ साली चेंबर निघालं होतं. बीदर-गुलबर्ग्याच्या पेढ्यांची राजधानी तीच होती.

नाव नवं, रीत जुनी

नाव विलायती असलं तरी व्यापाऱ्यांनी एकत्र येणं या मातीला नवं नाही. कल्याणीचे चालुक्य इथे राज्य करत होते, म्हणजे आजचं बसवकल्याण राजधानी होतं, त्या काळात 'अय्यावोळे पाचशे' हा व्यापाऱ्यांचा मोठा संघ दख्खनभर फिरत होता. त्यांचे शिलालेख ठिकठिकाणी सापडतात. त्यांत एक गोष्ट वारंवार दिसते. व्यापारी जमून ठरवतात, की अमुक मालाच्या दर ओझ्यामागे इतकं दान देवळाला, तळ्याला, अन्नछत्राला द्यायचं. हा राजाचा कर नसे. संघाने संघावर बसवलेली पट्टी असे.

पुढे बाराव्या शतकात बसवेश्वर याच कल्याणात बिज्जळाच्या भांडाराचा कारभार बघत होते. हिशेब ठेवणारा माणूस कायक आणि दासोह सांगतो, म्हणजे श्रम करा आणि श्रमाचं फळ वाटून खा असं सांगतो, याचा ठसा आपल्याकडच्या पेठेवर अजून आहे. भाषा कन्नड असो की मराठी, हे दोन शब्द इथल्या दुकानदाराला समजावून सांगावे लागत नाहीत.

पण याच रीतीला एक काळी बाजू पडली. गंजात शेतकऱ्याच्या पट्टीतून 'धर्मादाय' कापला जाई. तोलाई, हमाली, कडता, आणि त्याखाली धर्मादाय. नाव पुण्याचं, पैसा शेतकऱ्याचा, आणि पाटीवर देणगीदार म्हणून नाव व्यापाऱ्याचं! अय्यावोळेच्या लेखांत व्यापारी स्वतःच्या ओझ्यावर पट्टी बसवतो. इथे तो दुसऱ्याच्या पोत्यावर बसवतो. १९२८ च्या शेतीविषयक रॉयल कमिशनने देशभरच्या बाजारांतल्या अशाच कपातींवर बोट ठेवलं होतं.

रुमालाखालचा भाव

तरुण वाचकांना हे सांगायला हवं. पूर्वी धान्याचा सौदा तोंडाने होत नसे. खरेदीदार आणि आडत्या दोघं हातावर रुमाल टाकत आणि त्याखाली बोटं दाबून भाव ठरवत. सोय अशी, की कन्नड, मराठी, तेलुगू, उर्दू, मारवाडी, कुठलीही बोली असली तरी काम अडत नसे. गैरसोय अशी, की ज्याचा माल, तो शेतकरी शेजारी उभा राहूनही भाव त्याला दिसत नसे. आडत्या सांगेल तो आकडा खरा.

वजनाचंही तसंच. मण, शेर आणि पल्ला गावागणिक बदलायचे. त्यात दोन चलनं. आपल्याकडे हाली सिक्का, आणि सोलापूरकडे गेलं की कलदार. शंभर कलदार म्हणजे एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली. सरहद्दीवर करोडगिरीचं नाकं, तिथे जकात. ज्याला हे सगळं गणित तोंडपाठ, तो मुनीम. ज्याला नाही, तो कुळवाडी.

निजाम सरकारने १३३९ फसलीत, म्हणजे १९३० साली, शेतमाल बाजाराचा कायदा केला. वऱ्हाडात असा कायदा १८९७ मध्येच झाला होता. रुमाल बाजूला करून उघडा लिलाव, तपासलेला काटा, परवान्याचा तोलणारा आणि ठरावीक कपाती, हे या कायद्यांचं सार. ते सगळ्या गंजांत एका दिवसात उतरलं असं नाही. पण त्याचा अर्थ ओळखायला हवा. उघड्या लिलावात आडत्याचं गुपित जातं, आणि गुपितातच त्याची कमाई होती. तरीही ज्या बाजारात काटा सरळ, तिकडे गाड्या वळतात, हे हळूहळू सगळ्यांना कळलं. बीदरचा गांधी गंज आणि गुलबर्ग्याचा नेहरू गंज या पेठा या विश्वासावर मोठ्या झाल्या. १९६२ पासून किलो-क्विंटल सक्तीचे झाले आणि पल्ल्याचा खेळही संपला.

१९४८ : तुटलेली खाती

गावाच्या नात्यांबद्दल बोलायचं आणि १९४८ गाळायचं, हे इतिहास मंडळाला शोभणार नाही. पोलीस कारवाईच्या आधी रझाकारांनी या भागात काय केलं, हे गोरट्याच्या लोकांना विचारावं. आणि १७ सप्टेंबरनंतर मुसलमान वस्त्यांवर काय गुदरलं, हे पंडित सुंदरलाल समितीने नोंदवलं. सर्वांत जास्त झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत तिने उस्मानाबाद आणि नांदेडबरोबर आपले गुलबर्गा आणि बीदर मोजले आहेत.

आडतीवर याचा परिणाम काय झाला, तो आजोबांकडून ऐकलाय. कुटुंबं उठून गेली, पण खतावणीत त्यांची नावं होती. कुणाकडून येणं, कुणाचं देणं. दर दिवाळी पाडव्याला नवी वही निघाली की मालक म्हणायचे, "बाकी पुढे ओढा." येणं असेल तर ते बुडलेलंच होतं, पण देणंसुद्धा पुढे ओढलं जायचं. ज्याचं देणं आहे तो परत येईल की नाही याचा नेम नव्हता. आजोबा म्हणायचे, "खातं मिटवलं असतं तर माणूस मिटवल्यासारखं झालं असतं." काही जण खरंच परतले, आणि त्यांचा पैसा वहीत उभा होता.

एका दुकानाच्या या गोष्टीवरून सगळ्या पेठेबद्दल विधान करणार नाही. पण उधारीवर चालणाऱ्या बाजाराला शेजाऱ्याशिवाय गत नसते, हे त्यातून दिसतं.

१९५६ : एक रेल्वे, तीन राज्यं

विकाराबादहून निघणारी रेल्वे जहीराबाद, बीदर, भालकी, कमालनगर, उदगीर करत परळीला जाते. निजामाच्या काळातली ही लाईन तेव्हा एकाच राज्यातून धावत होती. १ नोव्हेंबर १९५६ ला जुना बीदर जिल्हा तिघांत वाटला गेला. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात. गुलबर्ग्याचे तांडूर आणि कोडंगलही आंध्रात गेले. कमालनगरचा आडत्या आणि उदगीरचा खरेदीदार एका सकाळी दोन राज्यांचे झाले.

राजकीय सीमावाद आपल्याला ठाऊक आहे, त्यात इथे शिरत नाही. व्यापाऱ्याच्या बाजूने बघितलं तर अडचण वेगळीच होती. बीदरपासून हैदराबाद सुमारे १४० किलोमीटर. बंगळूर सुमारे ७००. ज्या कचेरीत काम असायचं ती अशी लांब गेली. नवी भाषा, नवे फॉर्म, नवा विक्रीकर, आणि रस्त्यावर चेकपोस्ट. ते चेकपोस्ट थेट २०१७ साली जीएसटी आल्यावर उठले. एकट्या दुकानदाराने बंगळूरला जाऊन काय सांगावं आणि कुणाला? या भागाचं वेगळं चेंबर का लागलं, याचं कारण या अंतरात आहे. 'हैदराबाद-कर्नाटक' हे नावच सांगतं, की ही मंडळी एका जुन्या राज्याच्या आठवणीने आणि नव्या राज्यातल्या मागासपणाने बांधली गेली होती. १७ सप्टेंबर २०१९ रोजी भागाचं नाव कल्याण कर्नाटक झालं आणि चेंबरनेही ते घेतलं.

रेल्वेची मागणी हे चेंबरच्या कामाचं सोपं उदाहरण. बीदर आणि कलबुर्गी शेजारी जिल्हे. पण रेल्वेने जायचं तर विकाराबाद आणि वाडीला वळसा. थेट ११० किलोमीटरची लाईन मंजूर झाल्यापासून पुरी व्हायला दोन दशकं लागली. २९ ऑक्टोबर २०१७ ला तिचं उद्घाटन झालं. आजही कलबुर्गी स्टेशन मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात आणि बीदर दक्षिण मध्य रेल्वेच्या सिकंदराबाद विभागात आहे. त्यामुळे कलबुर्गीला स्वतंत्र रेल्वे विभाग द्या, ही मागणी चेंबर वर्षानुवर्षं लावून धरतंय. गाडीने प्रवास विद्यार्थी करतो, रुग्ण करतो, गाणगापूरचा वारकरी करतो. मागणी व्यापाऱ्याची असली तरी तिचा फायदा सगळ्यांना होतो.

दुसरं उदाहरण घटनेच्या कलम ३७१ (जे) चं. वैजनाथ पाटील यांच्यासारख्या नेत्यांनी लावून धरलेल्या या मागणीमागे चेंबरही होतं. २०१२ च्या ९८ व्या घटनादुरुस्तीने या भागाला विकास मंडळ आणि शिक्षण-नोकरीत स्थानिकांना आरक्षण मिळालं. आपल्या वाचकांनी यातली एक गोष्ट लक्षात घ्यावी. स्थानिक कोण, हे जन्म किंवा रहिवासावरून ठरतं, मातृभाषेवरून नाही. औरादच्या मराठी घरातली मुलगी आणि सेडमच्या कन्नड घरातला मुलगा एकाच रांगेत उभे राहतात. पलीकडे मराठवाड्याला कलम ३७१ (२) खाली १९९४ पासून विकास मंडळ होतं, त्याची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. आपल्याकडची तरतूद टिकून आहे. भाषेवरून भांडणाऱ्या भागात भागाच्या नावाने एकत्र मागणं किती उपयोगी पडतं, हे यावरून कळावं.

तूर : आजची परीक्षा

कलबुर्गीला कन्नडमध्ये 'तोगरी कणज' म्हणतात, म्हणजे तुरीचं कोठार. इथल्या काळ्या रानातली तूर आणि इथल्या मिलची डाळ. २०१९ साली 'गुलबर्गा तूर डाळ' या नावाला भौगोलिक मानांकन मिळालं. पण कोठारात तूर एकट्या कलबुर्गीची येत नाही. भालकी, औरादच्या तुरीला उदगीर-लातूरचा बाजारही जवळ, आणि पलीकडचा मालही भाव बघून इकडे येतो. २०१४ पासून कर्नाटकच्या गंजांत ऑनलाईन लिलाव आला. रुमाल गेला, तोंडी बोली गेली, आता आकडा पडद्यावर दिसतो. तरी माल पाहून, दाणा चावून भाव लावणारा डोळा लागतोच.

२०१६-१७ ला पीक उदंड आलं आणि भाव पडला. बोनससह हमीभाव होता क्विंटलला ५,०५० रुपये, बाजार त्याच्या खाली. सीमेच्या दोन्ही बाजूंना खरेदी केंद्रांवर रांगा. इकडे पहाणी दाखवा, तिकडे सातबारा. ज्याचं रान सीमेपलीकडे आणि घर अलीकडे, त्याची झालेली धावपळ मी पाहिली आहे. कागदाने अडवलेला असा माणूस कुठल्याच निवेदनात येत नाही, कारण तो कुठल्याच चेंबरचा सभासद नसतो.

खरी परीक्षा इथे आहे. मे २०२१ पासून केंद्राने तुरीची आयात खुली केली. म्यानमार, मोझांबिक, टांझानिया, मलावीची तूर बंदरावर उतरते. मिलवाल्याला कच्चा माल स्वस्त मिळतो, यात त्याचा दोष नाही. मिल चालली तर हमालाला, ड्रायव्हरला, बारदानवाल्याला काम मिळतं. पण त्याच वेळी चिंचोळीच्या शेतकऱ्याचा भाव उतरतो. चेंबरमध्ये मिलवाले बसतात, शेतकरी बसत नाही. अशा वेळी संघटना कुणाच्या बाजूने बोलणार?

मला वाटतं, निदान एका बाबतीत उत्तर सोपं आहे. 'गुलबर्गा तूर डाळ' हे नाव ज्या पोत्यावर लागेल, त्यात दुसरीकडची तूर मिसळायची नाही. हे कायद्यातही बसतं, पण प्रत्येक मिलच्या दारात इन्स्पेक्टर उभा करता येत नाही. ते संघटनेनेच सभासदांकडून पाळून घ्यायचं असतं. मिसळ करणाऱ्याला चार पैसे जास्त सुटतील, आणि नाव बुडेल सगळ्यांचं. नाव टिकलं तर रानातल्या माणसाला त्याच्या दाण्याचा वेगळा भाव मागता येईल. पूर्वी काटा सरळ ठेवण्याने जे साधलं, ते आज नाव शुद्ध ठेवण्याने साधेल.

आणखी दोन साध्या गोष्टी चेंबरांना सहज जमतील. तूर कुठल्या गंजात काय भावाने गेली, याचा फलक कन्नडबरोबर मराठी आणि उर्दूतही लावावा. रुमालाखालच्या सौद्याला भाषा लागत नव्हती, उघड्या सौद्याला लागते. दुसरं, वर्षातून एकदा तरी बीदर, कलबुर्गी, उदगीर, लातूर आणि सोलापूरच्या व्यापाऱ्यांनी शेतकरी आणि हमालांच्या प्रतिनिधींना घेऊन एकत्र बसावं. महाराष्ट्रात हमालांसाठी १९६९ चा माथाडी कायदा आहे. कुठे काय चाललंय, हे समोरासमोर बोलल्याशिवाय कळत नाही.

मंडळाचं काम

हे टिपण लिहिताना सगळ्यात मोठी अडचण कागदांची झाली. गंजातली जुनी दुकानं पाडून नवी बांधतात तेव्हा मोडी वह्या, हाली सिक्क्यातल्या पट्ट्या, संघांच्या ठरावांची बुकं रद्दीत जातात. रद्दीवाला किलोने घेतो. कपाती किती होत्या, लवादात काय मिटलं, कुणाचं खातं किती वर्षं पुढे ओढलं, हे त्याच कागदांत आहे. मोठ्या नेत्यांची चरित्रं कुणीतरी लिहितंच, पण पट्टी जपणारं कुणी नसतं.

म्हणून विनंती. तुमच्या माडीवर, पेटाऱ्यात अशी वही असेल तर टाकू नका. कुणाचं येणं-देणं उघडं पडेल अशी धास्ती असेल तर नावं झाकून फोटो काढू. मोडी वाचणारे दोघे जण आपल्या मंडळात आहेत, उर्दू वाचणारे आहेत, कन्नड तर आहेच. आधी पट्ट्यांपासून सुरुवात करू. शेतकऱ्याच्या हातात शेवटी किती रुपये पडले, हे तिच्या तळाच्या ओळीत लिहिलेलं असतं.